यादीतली वेणू

“आंटी, मराठी समाज का रुझान इस बार किधर है?” मागच्या निवडणुकीच्या आधी एका वर्तमानपत्रातली मुलगी जबलपूरच्या विजय नगरातल्या आमच्या घरी आली होती. खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. पोर गोड होती, तिच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, तरी माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. रुझान! म्हणजे आम्ही सगळे मिळून एका बाजूला कलतो हे ठरलेलंच, कोणत्या बाजूला एवढंच काय ते विचारायचं बाकी. मी तिला चहा दिला, शेव दिली, आणि “सबका अपना-अपना है बेटा” म्हणून वाटेला लावलं. माझी नात आतून ऐकत होती. तिला मराठी समजतं, बोलत मात्र नाही. ती म्हणाली, “आजी, आप इतना गुस्सा क्यों हो गईं?” तिला सांगायचं तर पार लहानपणच्या चेरीतालच्या घरापर्यंत जावं लागलं असतं, आणि मध्ये तिचा फोन वाजला असता. म्हणून लिहायला बसले आहे. रागाने लिहिते आहे हे आधीच सांगते. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही.

तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते. नवी राज्यं होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्याआधी आमची राजधानी नागपूर होती, म्हणजे आजोळही तिकडे आणि सरकारही तिकडे, आणि वर्ध्याकडून आलेल्या आमच्यासारख्या घराला ते फार सोयीचं होतं. मग नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही अलीकडे राहिलो. जबलपूरला वाटत होतं राजधानी आता आपलीच, तर ती गेली भोपाळला. शहर त्या दुःखात होतं आणि शहरातले मराठी लोक आपल्या वेगळ्या दुःखात. कित्येकांनी खटपटी करून बदल्या करून घेतल्या, ट्रकमध्ये पलंग आणि पाटा-वरवंटा चढवला आणि नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून निघून गेले. जे राहिले ते एकमेकांना घट्ट धरून राहिले. माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना नागपूर मिळालं नव्हतं, आणि आता भोपाळ मिळेल या भीतीने ते अर्धे झाले होते. संध्याकाळी ते आले की आई पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, “आज काही आलं काय?” म्हणजे बदलीचा हुकूम. बाबांनी नाही म्हणून मान हलवली की मगच घरात कोणी मोठ्याने बोलायचं.

घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वैपाकघर आणि मागे सात घरांत मिळून एक विहीर. पहाटेपासून त्या विहिरीची गडगडी कुरकुरत असायची आणि कुठली बाई पाणी ओढते आहे हे मी अंथरुणात पडून त्या कुरकुरीवरून ओळखायची. आईचा ओढा लांब आणि सारखा असायचा, मध्ये थांबणं नाही. तिच्या तळहातांना दोराचे घट्टे होते. त्या हातांनी ती गोळाभात करायची, जवसाची चटणी कुटायची, आणि हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त झाली, आम्ही तिला सांबार म्हणायचो, की सांबारवड्या. कढई उतरली की शेजारच्या सहा घरांतून वाट्या यायच्या. “सुलोचनावहिनी, वडी झाली काय?” सगळी गल्ली तिला सुलोचनावहिनी म्हणायची. बाबा तिला ‘अगं’ म्हणायचे, नाहीतर माझं नाव घेऊन “कुसुमची आई” म्हणायचे. हे सगळ्याच घरांत असंच होतं, म्हणून त्यात मला तेव्हा काही दिसलं नाही.

आमच्या लोकांचे पुढारी होते तात्यासाहेब वकील. त्यांचं घराणं मराठेशाहीपासून जबलपुरात होतं, आणि ते आमच्यासारख्या कारकुनांना प्रेमाने वागवायचे, म्हणजे आम्ही पायरीवर बसायचो आणि ते आम्हाला वर बसा म्हणायचे. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तेच, गणपतीच्या वर्गणीचे प्रमुख तेच, आणि मराठी मतांचे मालकही तेच. मालक हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. निवडणूक आली की उमेदवार त्यांच्या बैठकीत यायचे, पानसुपारी व्हायची, आणि मग एका रविवारी तात्यासाहेब सगळ्या पुरुषांना बोलावून चिन्ह सांगायचे. “आपण किती आहोत हे कोणाला कळू देऊ नका,” ते म्हणायचे. “झाकली मूठ सव्वा लाखाची. मतं फुटली, मूठ उघडली, की या शहरात आपल्याला कुत्रं विचारणार नाही.” पुरुष मान डोलवायचे आणि घरी येऊन बायकांना चिन्ह सांगायचे. फार आधी सांगू नये, बायका विसरतात, असं त्यांच्यातले एक गृहस्थ हसत हसत म्हणायचे आणि सगळे हसायचे. माझे बाबाही हसायचे.

त्या वर्षी नगर निगमची निवडणूक होती. तात्यासाहेबांनी मूठ दिली बाबूलाल सेठला. तेंदूपत्त्याचे ठेकेदार, चिन्ह शिडी. पक्षाचं नाव मी लिहीत नाही; दोन वर्षांनी ते दुसऱ्या पक्षात होते, मग तिसऱ्या. त्यांनी मंडळाला इमारतीसाठी जागा कबूल केली होती. आणि बाबांना, तात्यासाहेबांच्या मार्फत, आणखी एक गोष्ट कबूल केली होती: वर ओळख आहे, भोपाळचा हुकूम थांबवून धरू. त्या बदल्यात बाबांनी आमच्या वॉर्डाच्या मतदान केंद्रावर सेठचा एजंट म्हणून बसायचं. बाबा त्या दिवसांत शीळ घालत अंघोळ करायचे. इतक्या वर्षांत मी त्यांची शीळ तेवढीच ऐकली.

सेठच्या विरुद्ध उभी होती सुशीला दीदी. विधवा बाई, गल्लीच्या तोंडाशी शिवणाचा वर्ग चालवायची, चिन्ह छत्री. तिच्याकडे ना जीप, ना भोंगा. मतदारांची यादी व्हायच्या वेळी ती स्वतः होऊन घरोघर फिरली होती, कारण यादी करणारा माणूस दारातून पुरुषाला विचारून बायकांची नावं ‘अमक्याची पत्नी’ एवढीच लिहून चालला होता. आमच्याकडे ती भरदुपारी आली. बाबा कचेरीत होते. ती सरळ स्वैपाकघराच्या दारात येऊन बसली, यादीवाल्याला ओसरीवर बसवलं, आणि आईला म्हणाली, “बहनजी, अपना नाम बताइए।” आई पदर सावरून माझ्याकडे पाहत म्हणाली, “सांग ना गं, यांचं नाव सांग.” दीदी म्हणाली, “उनका तो लिख लिया। आपका।”  चुलीवर दूध होतं, ते वर यायला लागलं, आईने ते उतरवलं, हात पुसले, आणि मग म्हणाली, “वेणू.”

मी चमकले. हे नाव मी आजोळी एकदा-दोनदा ऐकलं होतं, मामाच्या तोंडून. आमच्यात लग्नात नवरी माप ओलांडून आली की ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने तिचं नवं नाव लिहितो आणि पेढे वाटतात. बाबांनी सुलोचना लिहिलं होतं. त्या ताटातल्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल, पण जबलपुरात त्यानंतर वेणू कोणी नव्हती. दीदी गेल्यावर मी विचारलं, “आई, काहून ते नाव सांगितलंस?” ती म्हणाली, “तिनं माझं विचारलं ना. तोंडात तेच आलं.” थोड्या वेळाने म्हणाली, “बाबांना सांगून नको राहू आत्ताच.” मी सांगितलं नाही. पुढे दीदी दोन-चारदा आली, विहिरीपाशी बसली, गल्लीत नळ आणीन म्हणाली, आणि बायकांना त्यांच्या त्यांच्या नावाने हाक मारायची. आईला ती ‘वेणूजी’ म्हणायची. आई लाजून हसायची, आणि ते हसू मी आधी पाहिलेलं नव्हतं.

मग गल्लीत जीप फिरायला लागली. “बहनों और भाइयों, सीढ़ी, सीढ़ी, सीढ़ी पर मोहर लगाइए।” भोंग्याने कान किटले. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यासाहेबांच्या घरी हळदीकुंकू होतं. ना संक्रांत, ना चैत्र, पण निवडणुकीचं हळदीकुंकू आमच्या मंडळाने काढलेलं होतं आणि त्याची कोणालाही लाज नव्हती. हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत शेंगदाणे घातले, आणि मग तात्यासाहेबांच्या बाईंनी पितळेचा गडू पुढे घेतला. तिलवाऱ्याच्या घाटावरून सकाळीच आणलेलं नर्मदेचं पाणी होतं. एकेकीच्या ओंजळीत ते घालायचं आणि तिने म्हणायचं, उद्या शिडी. तेहतीस कोटी देव मानणाऱ्या बायका. नर्मदामाईचं पाणी हातात घेऊन कोण खोटं बोलेल? तात्यासाहेब वकील होते, त्यांना पक्का पुरावा लागायचा. सगळ्या म्हणाल्या. आईची पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केलेच नाहीत, नुसते जोडले. बाई म्हणाल्या, “अगं सुलोचना, ओंजळ कर.” आई म्हणाली, “नाही करत काकू. मला शिडीला नाही द्यायचं. माईच्या पाण्यावर खोटं काहून बोलू?” इतक्या साध्या आवाजात, की आधी कोणाला कळलंच नाही. मग बाकीच्या बायका शेंगदाणे निवडायला लागल्या, उगीचच.

ही बातमी बाबांपर्यंत पोचली नसती तर नवल. संध्याकाळी ते आले ते चप्पल न काढताच स्वैपाकघरात आले. “तू काय करून राहिली आहेस? माझी नोकरी, माझी अब्रू, काही आहे की नाही? तात्यासाहेबांनी भर बैठकीत विचारलं मला, घरची एक बाई सांभाळता येत नाही, केंद्र काय सांभाळाल?” आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “तुम्ही द्या ना शिडीला. मी कुठे नाही म्हणून राहिले? माझं मी देते.” “भोपाळला जायचं आहे काय?” “भोपाळला बी विहिरी असतीलच.” बाबा खाटेवर बसले. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. “अच्छा, चलो, भांडणच नको,” ते म्हणाले. “यादीत तुझं नावच नाही. मी सगळी पाहिली आहे, तुझ्या नावाची कोणी नाही. मी तात्यासाहेबांना तसं सांगतो, सुटलो.” आईने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “आहे नाव. नीट पाहा. वेणू.”

 बाबांनी खिशातून यादीचा कागद काढला, बोट फिरवलं, बोट थांबलं. मी भिंतीला टेकून पाहत होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, हात धुतले आणि जेवायला बसले, आणि चटणी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच केंद्रावर गेले. आईने सगळं कामकाज उरकलं, मला जेवू घातलं, इस्त्रीचं पातळ नेसली आणि म्हणाली, “चल माझ्याबरोबर. मला त्यांचं कचेरीतलं हिंदी समजत नाही.” केंद्र जवळच्या शाळेत होतं. बाहेर कडुनिंबाखाली तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी आईकडे पाहिलं आणि पान तोंडात टाकलं. बायकांच्या रांगेत आमच्याच गल्लीतल्या बायका होत्या. कोणी बोललं नाही. आत वर्गात बाकं जोडली होती, भिंतीशी उमेदवारांचे एजंट ओळीने बसले होते, पहिलेच बाबा. दारातल्या शिपायाने मला उंबऱ्यावर थांबवलं. आईने चिठ्ठी दिली. कारकुनाने सगळ्या एजंटांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं, “वेणू, पति दत्तात्रय।” जबलपुरात ते नाव पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने म्हटलं गेलं असेल. आई पुढे सरकली. आणि बाबा उभे राहिले. “ऑब्जेक्शन है, साहब।”

मला वाटलं दुसऱ्या कोणाबद्दल असेल. खरंच वाटलं. बाबा केंद्रावरच्या अधिकारी साहेबांच्या टेबलाशी गेले, आक्षेपाचे पैसे त्यांनी आधीच मुठीत तयार ठेवले होते, ते टेबलावर ठेवले, आणि म्हणाले, “ये वेणू नहीं है। मेरे घर में वेणू नाम की कोई औरत नहीं है।” साहेब गोंधळले. चष्म्यावरून एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत म्हणाले, “मगर ये हैं कौन?” “मेरी पत्नी।” “तो फिर?” “इनका नाम सुलोचना है। मोहल्ले में किसी से पूछ लीजिए।” साहेबांनी आईला विचारलं. आई हळू पण स्पष्ट म्हणाली, “मी वेणू. माहेरचं नाव आहे माझं. ये मेरे माँ-बाप का रखा हुआ नाम है साहब।” साहेबांना आमची ही रीतच माहीत नव्हती. बाईचं आडनाव बदलतं हे त्यांना ठाऊक होतं, पण सगळी बाईच बदलते हे त्यांना पटेना. “नाम भी बदल देते हैं आप लोग?” ते बाबांना म्हणाले. बाबा म्हणाले, “लिस्ट में गड़बड़ है साहब, मैं कायदे की बात कर रहा हूँ।”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी रांगेतल्या बायकांना विचारलं, कोणी यांना वेणू म्हणून ओळखतं का. बायकांनी खाली पाहिलं. दीदीचा एजंट म्हणाला, दीदी त्यांना वेणूच म्हणतात. साहेब म्हणाले, दीदी उमेदवार आहेत, त्यांची साक्ष कशी घेऊ? आणि मग त्यांना मी दिसले. त्यांनी मला आत बोलावलं. “ये बच्ची आपकी है? बच्ची झूठ नहीं बोलेगी।” ते माझ्याकडे वाकून म्हणाले, “डरो मत बेटी। माँ का नाम वेणू है न? तुम हाँ कह दो, मैं वोट डलवा देता हूँ। क्या नाम है माँ का?”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, तिला खात्रीच होती. बाबांनीही पाहिलं. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. त्यांचा ओठ थरथरत होता आणि तो मला दिसत होता. एवढ्या मोठ्या माणसाचा ओठ असा थरथरताना मी कधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, “सुलोचना.”

आता कोणी म्हणेल, लहान होतीस, बावचळलीस. माझ्या बहिणीसारख्या मैत्रिणीही मला हेच सांगत आल्या. मी लहान नव्हते. मला दोन्ही नावं माहीत होती, कोणतं म्हटलं तर काय होईल हेही माहीत होतं. साहेबांनी ते तोंडात आणून ठेवलं होतं, नुसती मान हलवायची होती. मी बाबांच्या बाजूने मत दिलं. माझं यादीत नाव नव्हतं, मत द्यायचं वय नव्हतं, तरी त्या दिवशी त्या खोलीत मी मत दिलं आणि ते आईच्या विरुद्ध दिलं. तात्यासाहेबांची मूठ म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. त्या मुठीत तात्यासाहेबांचा हात नव्हताच, आमचेच होते.

साहेबांनी यादीवर रेघ मारली. “दूसरे के नाम पर वोट डालना जुर्म है माताजी,” ते म्हणाले, “पुलिस बुलाने का नियम है। मैं नहीं बुलाता। घर जाइए।” बाबांचा चेहरा पोलीस शब्दाने पांढरा पडला; तेवढं त्यांनी धरलेलं नव्हतं. आई वळली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. कडुनिंबाखालून तात्यासाहेब म्हणाले, “सुलोचनाबाई, उन्हाच्या कशाला आलात?” आई चालत राहिली. घरी येऊन तिने पातळ बदललं आणि विहिरीवर गेली. मी आत बसून गडगडी ऐकत होते. मला वाटत होतं ती मला मारेल, निदान बोलेल. ती एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही, कधीच नाही. तिने बोलायला हवं होतं. मला अजूनही त्याचा राग येतो.

संध्याकाळी बाबा आले आणि खाटेवर बसून म्हणाले, “मी खोटं काय बोललो? तुझं नाव सुलोचनाच आहे. मीच तर ठेवलं आहे.” मी तेव्हा काही बोलू शकले नाही, आता बोलते. बाबा, तुम्ही ते नाव तांदळात लिहिलंत, पण अठरा वर्षांत त्या नावाने तिला एकदाही हाक मारली नाहीत. ते नाव तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या खोलीत, तिला बाहेर काढायला.

सेठ निवडून आले. भरपूर मतांनी, आईचं एक मत इकडेतिकडे झालं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. गुलाल उधळत मिरवणूक गल्लीतून गेली, प्रत्येक मराठी घरी खोव्याच्या जलेबीचा डबा आला. आईने आमचा डबा तसाच गायीला नेऊन घातला. बाबा पाहत राहिले. मंडळाला जागा मिळाली, तिथे आज इमारत आहे, आत तात्यासाहेबांची तसबीर आहे, आणि गणपतीत मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावतात. मी जात नाही. गल्लीत नळ आला तो पुष्कळ वर्षांनी, तोवर आईचे गुडघे गेले होते. आणि बाबांची बदली? वर्षभर थांबली, मग आलीच. ते भोपाळला खोली करून राहिले आणि शनिवारी यायचे. आई गेली नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, आणि शिक्षिकेला निवडणुकीचं काम चुकत नाही. किती केंद्रांवर बसले, किती बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या, “नाव यांना विचारा” म्हणाल्या. मी प्रत्येकीला थांबवून ठेवलं, मागच्या रांगेने आरडाओरड केली तरी, आणि तिच्या तोंडून नाव घेतलं. सहकारी मला खडूस म्हणायचे. म्हणू देत. आज आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर संदेश येतो, ‘आपण सर्वांनी एकजुटीने अमुक चिन्हाला’, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि माझा मुलगा, इंजिनिअर झालेला मुलगा, त्याखाली होकाराचा अंगठा टाकतो. मी त्याला विचारलं, सूनबाईला विचारलंस का? तो म्हणाला, “आई, उसमें पूछना क्या है?” मी ताटावरून उठले.

पण मला सांगायचं होतं ते त्या मतदानानंतर चार वर्षांनी घडलेलं. माझं लग्न ठरत होतं. मुलगा जबलपुरातच नोकरीला होता, त्याची नागपूरची मंडळी बोलणी करायला आली होती, बाबा भोपाळहून आले होते. चहापोहे झाले, देणंघेणं नको असं दोन्हीकडून तीन-तीनदा झालं. मुलाची आई हौशी होती, म्हणाली, “आम्ही नाव बी काढून ठेवलं आहे, प्रतिभा. आमच्या सगळ्या सुनांची प-वरूनच आहेत.” बाबा म्हणाले, “वा, छान नाव आहे.” आई दाराशी उभी होती. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, “नाव बदलायचं नाही. बाकी तुमचं सगळं मान्य.”  मुलाचे वडील सभ्य माणूस, त्यांनी विचारलं, “काही अडचण आहे काय, वहिनी? रीतच आहे आपल्यात.” बाबा तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

“उद्या हिच्या पोरीला कोणी विचारलं,” ती म्हणाली, “तर तिला सांगायला एकच नाव असावं.”